एका होडीत एकेचाळीस

सूचना क्रमांक अकरा लिहून झाली तेव्हा प्रेमलताला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. का वाटू नये? बारा वर्षं मालवणच्या मत्स्य खात्याच्या कचेरीत टाइपरायटर बडवण्यात गेली. मग कॉम्प्युटर आला, तेव्हा बाकीचे सगळे त्याच्यापासून चार हात लांब राहिले आणि तो आपसूक तिच्या गळ्यात पडला. आणि आता, २००९ साली, दळवी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून, खुर्चीवर बसवून सांगितलं होतं की मच्छीमारांच्या नव्या ओळखपत्रांची मार्गदर्शक पुस्तिका तुम्हीच लिहायची. खुर्चीवर बसवून, हे महत्त्वाचं. एरवी त्या केबिनमध्ये ती उभ्याउभ्याच सही घेऊन परत येत असे.

काम मोठं होतं. मुंबईवर हल्ला झाला, हल्लेखोर समुद्रातून आले, तेव्हापासून सगळ्या कचेऱ्यांना किनाऱ्याची आठवण झाली होती. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद कॉम्प्युटरवर हवी. फोटो, अंगठा, आणि तो कुठल्या होडीवर जातो ते. कार्ड नाही त्याने पाण्यात उतरायचं नाही. प्रोग्राम लिहिला होता मॅक्सवेलने. सावंतवाडीचा हा पोरगा हुशार, हसतमुख, पण मासळीशी त्याचा संबंध ती ताटात पडल्यावरच यायचा. म्हणून प्रेमलता. माडवळ वाडीच्या मच्छीमाराची लेक, मालवणात दिलेली, तिला पाण्यातलंही कळतं आणि कचेरीतलंही, असा साहेबांचा होरा होता.

पुस्तिका चौदा पानांची झाली. सूचना एकूण बावीस. चौथी सूचना अशी की होडीच्या क्रमांकाचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये, नाहीतर ऑपरेटर मंडळी आळस करतात. आणि अकरावी अशी: 'वादळाच्या वेळी गावोगाव हजेरी घ्यावी. एखाद्या होडीवरचे निम्म्याहून अधिक खलाशी किनाऱ्यावर नोंदले गेले, की ती होडी सुखरूप समजावी.' यात चुकीचं काय होतं सांगा? होडीवर पाच जण असतात. तिघे हजेरीला येतात, एक घरी झोपा काढतो, एक पाहुण्यांकडे गेलेला असतो. त्या दोघांसाठी काय नौदल पाठवायचं? मच्छीमाराच्या घरात वाढलेल्या बाईलाच हे सुचणार. बैठकीत दळवी साहेबांनी ती सूचना मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात अनुभव!" प्रेमलता लाजून खाली बघत राहिली.

मॅक्सवेलने ती जशीच्या तशी प्रोग्रामात घातली. निम्म्याच्या वर माणसं आली की कचेरीतल्या मुख्य यादीत होडीची ओळ हिरवी, पुढे 'सुखरूप' असं लिहिलेलं, आणि वर कुलूप, म्हणजे मागाहून कोणी त्यात ढवळाढवळ करू नये. कुलपाची कल्पनाही प्रेमलताचीच, सूचना क्रमांक बारा.

एप्रिलात नोंदणी सुरू झाली आणि माडवळला ती स्वतः गेली. माहेरच ते. शाळेच्या पडवीत टेबल मांडलं, कॉम्प्युटर ठेवला, आणि पहिल्याच बाईपाशी घोडं अडलं. सुशीलाकाकी, वय साठ, विधवा, रापणीवर जाणारी.

"होडी कोणती, काकी?"

"माजी होडी?" काकी हसायला लागली. "माज्या घोवाची पण नव्हती गो!"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. वल्ह्याची एक होडी ते अर्धगोल फिरवून पाण्यात सोडते, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून अख्खी वाडी ते ओढते. जाळं सगळ्यांचं. दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. मग तो गडी असो, म्हातारा असो, नाहीतर चुलीवरची पेज उतरवून धावत येऊन शेवटचे दहा हात ओढणारी बाई असो. होडी कोणाची, हे तिथे कोणी विचारत नाही. आणि त्या वल्ह्याच्या होडीला नंबर तरी कसला आलाय! पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत येत राहिलं, 'ही माहिती आवश्यक आहे.'

प्रेमलताने मॅक्सवेलला फोन लावला.

"रकाना सोडता येणार नाही मॅडम," तो म्हणाला. "तुमचीच सूचना चार."

"अरे, पण ही रापणीची माणसं आहेत. यांच्यासाठी वेगळा पर्याय घाल ना. नुसतं 'रापण' म्हणून."

"मी आत्ता घालीन. पण वरून मंजुरी लागते. सहा महिने धरा."

दळवी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, यादी एकतीस मेला जायलाच हवी, जे बसत नाहीत त्यांचं नंतर बघू. हे 'नंतर बघू' ज्याने पहिल्यांदा काढलं त्याला एकदा ऐन पावसाळ्यात होडीत बसवून सोडायला हवा. कचेरीत नंतर म्हणजे पुढची बैठक. वाडीत नंतर म्हणजे ऑगस्ट, नारळी पौर्णिमा, रापण पाण्यात टाकायचा दिवस, आणि किनाऱ्यावर उभा राहून कार्ड मागणारा पोलीस. एकेचाळीस माणसं होती रापणीची. त्यांनी त्या दिवशी काय हात बांधून बसायचं?

प्रेमलताचा धाकटा भाऊ महादू तिथेच जाळं शिवत बसला होता. तोही रापणीतलाच, पण त्याची स्वतःची इंजिनाची छोटी होडीसुद्धा होती, रीतसर नंबरची. रापण नसेल त्या दिवशी तो आणि रापणीतलाच त्याचा दोस्त शिवा ती घेऊन जात. त्याने सुई खाली ठेवली.

"बाय, इतकी कित्याक वैतागतंस? माजो नंबर घाल सगळ्यांका."

"तुका खुळ लागला काय रे? एका होडयेर एकेचाळीस माणसां?"

"कॉम्प्युटराक काय कळता? जाळा एक, रापण एक, मगे नंबर एक घातलो तर काय बिघाडला? दोराक हात लावल्यान तेका वाटो. तसोच ह्यो पण वाटो."

पडवीभर हशा पिकला. रापणीचे म्होरके बाबूकाका, कधी न हसणारे, तेही हसले आणि म्हणाले, "म्हादू बराबर बोलता." त्यांना त्यात खोटं असं काही दिसलंच नाही. ज्या गावात माशाचा वाटा आजाऱ्याच्या घरीसुद्धा पोचवतात, तिथे नंबराचा वाटा द्यायला कोण मागे सरणार?

प्रेमलता नाही म्हणू शकली असती. कचेरीतली प्रेमलता नाहीच म्हणाली असती. पण समोर सुशीलाकाकी नवं लुगडं नेसून, फोटोसाठी केसांना तेल लावून उभी होती, आणि तिला 'तुझं नंतर बघू' म्हणायला तोंड उघडेना. तिने महादूचा नंबर टाकला. पडद्याने मुकाट्याने घेतला. एका होडीवर जास्तीत जास्त माणसं किती, याची मर्यादा मॅक्सवेलने घातली नव्हती, कारण प्रेमलताने ती सांगितली नव्हती. संध्याकाळपर्यंत तोच नंबर तिने एकेचाळीस वेळा टाकला. शेवटी शेवटी तर बोटं आपोआप चालत होती. पुढे 'रापण' हा पर्याय आला की आपण सगळं नीट करून टाकू, असं तिने मनाशी ठरवलं.

त्या पर्यायासाठी तिने वर दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. ऑगस्टात कार्डं आली, सुशीलाकाकी आपलं कार्ड गळ्यात घालून तुळशीसमोर उभी राहिली, रापण पाण्यात गेली, पोलिसाने कार्डं बघून मान हलवली. मग प्रेमलताने तिसरं पत्र लिहिलंच नाही. ही मात्र तिची स्वतःची चूक, आणि पुढे ती तिने कोणावर ढकलली नाही.

नोव्हेंबरात वादळ आलं.

इशारा आदल्या संध्याकाळी झाला होता. रापणवाल्यांनी होडी वर ओढून माडांना बांधली. पण महादू आणि शिवाची जाळी पाण्यात टाकलेली होती, आणि जाळी गेली तर वर्ष गेलं. वारा दुपारनंतर सुटणार म्हणे, आपण सकाळी नऊच्या आत परत, असं सांगून दोघे उजाडता उजाडता गेले. तेव्हा समुद्र तव्यासारखा सपाट होता, हे सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर घरात बसून शहाणपण शिकवणारे पुष्कळ भेटतात.

नऊला ते आले नाहीत. दहाला वारा आला. असा आला की शाळेची कौलं पत्त्यांसारखी उडायला लागली.

अकराला कचेरीतून हुकूम निघाला: सूचना अकराप्रमाणे गावोगाव हजेरी घ्या. प्रेमलता जीपने माडवळला पोचली, शाळेत बॅटरीवर कॉम्प्युटर लावला. टेलिफोनची लाइन कशीबशी चालू होती. माणसं ओलीचिंब येत होती, प्लास्टिकच्या पिशवीतलं कार्ड काढून दाखवत होती. ती नंबर टाकायची, 'किनाऱ्यावर' असं दाबायची. बाबूकाका किनाऱ्यावर. सुशीलाकाकी किनाऱ्यावर. प्रत्येक नावाला तिच्या जिवात जीव येत होता. एक वाजायच्या आधीच रापणीच्या एकेचाळीसपैकी एकोणचाळीस नावांपुढे खूण झाली. राहिले दोन.

तुळसा, महादूची बायको, दारात उभी होती. साडीतून पाणी गळत होतं.

"वन्सं, ह्यो इलो नाय."

"ठाऊक आसा माका," प्रेमलता म्हणाली. "यादी वर गेली गो. जे इले नाय त्यांच्या होडयांची नावां कंट्रोल रूमात आपसूक जातत. शोधूची बोट भायर पडली असतली."

"नक्की?"

"मिया सोताच लिवलंय तां. नक्की."

तुळसाने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "तू सांगतंस म्हणजे जाला," म्हणाली, आणि पडवीत जाऊन खांबाला टेकून बसली. कॉम्प्युटरवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. नणंदेवर होता.

तीन तास प्रेमलताने दुसऱ्या वाड्यांची नावं घेतली. साडेचारला तिला राहवेना. तिने कंट्रोल रूमला फोन लावला. मॅक्सवेलनेच उचलला, त्याला सकाळपासून तिथे बसवला होता.

"मॅक्सवेल, माडवळच्या होडीचं काही कळलं?"

"नंबर सांगा." तिने घडाघड सांगितला. तो तिला झोपेतही आला असता. पलीकडे बटणं वाजली. "बेपत्ता सात होड्या आहेत मॅडम, त्यात ही नाही. ही हिरवी आहे. सुखरूप. बारा वाजून वीस मिनिटांनी."

"सुखरूप कशी असेल? माझा भाऊ अजून आलेला नाही!"

"पण एकेचाळीसपैकी एकोणचाळीस खलाशी किनाऱ्यावर..." मॅक्सवेलने तो आकडा पुन्हा वाचला. "मॅडम, एवढ्याशा होडीवर एकेचाळीस माणसं?"

एकविसावं नाव तिने दाबलं आणि होडी सुखरूप झाली होती. कुणाचं असेल ते नाव? सुशीलाकाकीचं? बाबूकाकांचं? ज्या बोटाने ती एकेकाला वाचवत होती, त्याच बोटाने तिने महादूला यादीतून पुसून टाकलं होतं. आणि वर कुलूपही तिचंच.

"मॅडम," मॅक्सवेलचा आवाज एकदम खाली आला. "अडीचला विजयदुर्गहून फोन आला होता. एक ट्रॉलर तिथल्या खाडीत आसऱ्याला शिरला, त्याच्या कप्तानाचा, तांडेलाचा. म्हणाला, बाराच्या सुमाराला आचऱ्याच्या बाहेर एक होडी दिसली, इंजिन बंद, दोन माणसं, एक जण लाल शर्ट हलवत होता. लाटांमुळे जवळ जाता आलं नाही म्हणून त्याने नंबर वाचून ठेवला. तो हाच नंबर."

"मग?"

"आम्ही तपासला. सुखरूप दाखवत होता. साहेब म्हणाले, तांडेलाने लाटांत नंबर चुकीचा वाचला असेल."

यानंतर प्रेमलता किती वेळ गप्प राहिली, ते तिने पुढे स्वतःच चौकशीत सांगितलं. कोणी विचारलंही नव्हतं. खरं बोललं की एकेचाळीस कार्डं खोटी ठरणार, रापण बंद, सुशीलाकाकीच्या गळ्यातलं कार्ड काढून घेणार, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. चार श्वासांइतका वेळ. ते चार श्वास मी घ्यायला नको होते, असं तिने लिहून दिलंय. मग ती म्हणाली, "त्या होडीवर दोनच माणसं असतात. बाकीची सगळी रापणीची आहेत. नंबर मी घातलाय. साहेबांना फोन दे."

दळवी साहेब फोनवर आले. "कोणाच्या सांगण्यावरून घातलात?"

"माझ्याच."

"तुम्हाला कळतंय का काय केलंत ते?"

"कळतंय साहेब. आधी बोट पाठवा, मग मला काय ते बोला."

होडीची ओळ बदलायला गेले तर बदलेना. कुलूप! शेवटी छापील यादीच्या तळाशी पेनाने आठवा नंबर लिहिला आणि वायरलेसवर कळवला. तोपर्यंत पाच वाजून गेले होते. शोधाची बोट देवगडच्या बाजूला होती, ती वळली, पण नोव्हेंबरातला उजेड तो किती! सहाला काही दिसेनासं झालं आणि ती माघारी फिरली. दीड तास आधी कळतं तर? अडीचला कळतं तर? हे गणित प्रेमलता आजही करते, आणि उत्तर दर वेळी तेच येतं.

पडवीत येऊन तिने तुळसाला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तुळसा ऐकून घेत होती, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे दुपारपासून त्येका कोणच शोधूक नाय?"

"नाय."

तुळसा उठली आणि किनाऱ्याकडे चालत गेली. प्रेमलता तिच्या मागे गेली, पण शेजारी उभं राहायची तिची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवा सापडला, देवगडच्या अलीकडे खडकात, दोन रिकाम्या कॅनना स्वतःला बांधून घेतलेला. अंग सोलून निघालेलं, पण जिवंत. महादू नाही. तिसऱ्या दिवशीही नाही, पंधराव्या दिवशीही नाही.

शिवा बोलायला लागला तेव्हा प्रेमलता त्याच्या खाटेशी गेली. तुळसा उशाशी होतीच. शिवा म्हणाला, इंजिनात पाणी गेलं, वल्ही मोडली, वाहत चाललो होतो. ट्रॉलर दिसला तेव्हा महादूने अंगातला शर्ट काढून हलवला. ट्रॉलर थांबला नाही, पण एक माणूस वाकून नंबर वाचताना स्पष्ट दिसला.

"मगे म्हादू एकदम खूश," शिवा म्हणाला. "माका म्हणता, शिवा, आता भियाचा नाय. नंबर वाचल्यानी. आपलो नंबर बायच्या कॉम्प्युटरात आसा. आता येतले बघ." त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. "होडी उलाटली तवर सांगी होतो. आता येतले, आता येतले."

प्रेमलता तिथून बाहेर आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठमोठ्याने रडली. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

चौकशी झाली. तिला वाटलं नोकरी जाईल, कार्डं जातील. यातलं काहीच झालं नाही. कार्डं काढून घेतली तर पेपरात येईल, म्हणून ती राहिली. आणि तो प्रोग्राम गावोगाव शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं म्हणून तीही राहिली, एक ताशेरा तेवढा तिच्या फायलीत गेला. आणि तो 'रापण' नावाचा पर्याय? ज्याला सहा महिने लागणार होते? तो दोन दिवसांत आला. दोन दिवसांत! मॅक्सवेलने तो घातला आणि तिला फोन केला. "मी विचारायला हवं होतं, मॅडम," तो म्हणाला, "होडीवर माणसं किती मावतात ते."

पुस्तिका तिने पुन्हा लिहिली. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या पानावर एकच सूचना घातली: 'रकाना भरता येत नसेल तर माणूस चुकीचा नसतो. काम थांबवा आणि त्याला विचारा, तू काम कसं करतोस.' दळवी साहेबांनी ती वाचली आणि म्हणाले, भाषा जरा सौम्य करा. तिने केली नाही.

रापण चालू होती. दर खेपेला किनाऱ्यावर वाटे पडत तेव्हा बाबूकाका एकेचाळीस टोपल्या मोजत, आणि महादूची टोपली तुळसाच्या दारात पोचत असे. दोराला त्याचा हात नव्हता, पण त्यावर कोणी एक शब्द काढला नाही.

फेब्रुवारीत वरून पत्र आलं. बेपत्ता मच्छीमाराच्या बायकोला जी काही मदत मिळायची ती कागदपत्रांवर अडली होती, कारण कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे त्या दिवशी ती होडी बुडालीच नव्हती. पेनाने लिहिलेला आठवा नंबर धरायला वरची कचेरी तयार नव्हती. आता कुलूप उघडायची परवानगी मिळाली होती. बायकोची सही घ्यायची, ओळ उघडायची, 'सुखरूप' खोडून 'बेपत्ता' लिहायचं. एवढंच काम.

तुळसा कचेरीत आली, सुशीलाकाकीला सोबत घेऊन. प्रेमलताने तिला खुर्चीवर बसवलं, अर्ज पुढे केला, कुठे सही करायची ते दाखवलं. तुळसाने सावकाश, अक्षर अक्षर जोडून सही केली. मग तिने पेन खाली ठेवलं.

"माका दाखय."

"काय?"

"तां. म्हादूच्या होडयेचा. खंय लिवलेला आसा तां माका बघूचा आसा."

प्रेमलताने पडदा तिच्याकडे वळवला. यादीत ती ओळ हिरवी होती. तुळसाने बोट लावून नंबर वाचला. तो तिलाही पाठ होता, होडीवर तिनेच रंगाने काढला होता. मग बोट पुढे सरकवत तिने ओळीतला शेवटचा शब्द अक्षर अक्षर लावत वाचला.

"सु-ख-रू-प."

सुशीलाकाकीने पदर तोंडाला लावला. प्रेमलताला वाटलं, आता ही मला बोलेल. तीन महिने बोलली नाही, आता बोलेल. तिला ते हवंही होतं. कोणीतरी एकदा धरून झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

"ह्या खोडलंस की पैसे गावतले?" तुळसाने विचारलं.

"होय. कागद पुढे जातलो."

"आणि नाय खोडलंस तर?"

"तर अडान रवतलो."

तुळसा पडद्याकडे बघत राहिली. बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती, शिपाई दोनदा डोकावून गेला.

"वन्सं," ती म्हणाली, "घरात मिया त्येच्या नावान पान वाढूचा बंद केलंय. वाडीत सगळ्यांनी आशा सोडली. शिवा तर माका तोंड दाखवणा नाय. जगात ह्यो एकच जागो उरलो, जंय तो सुखरूप आसा." तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली. "आजच्या दिस रवांदे. फाल्या येतंय मिया. फाल्या खोड."

प्रेमलताने बटणावरचा हात काढून घेतला. तुळसा उठली, काकीचा हात धरून जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी प्रेमलता कचेरीत आली तेव्हा तुळसा बाकावर आधीच बसलेली होती.